कारवानी कुत्रा : त्याचे कूळ, त्याचा स्वभाव व आपली जबाबदारी

मराठवाड्याच्या काळ्या रानाने शेतकऱ्यास देवणी व लाल कंधारी ही गोधने दिली आणि उस्मानाबादी शेळी दिली. या तिन्ही जातींची कीर्ती दूरवर आहे, त्यांची लक्षणे ठरलेली आहेत, आणि जातिवंत वळूचा बाप कोणता हे विचारल्यावाचून जाणता शेतकरी आपली गाय त्यास दाखवीत नाही. त्याच मुलखाने चौथे एक जनावर जोपासले आहे. ते दूध देत नाही, ओझे ओढीत नाही. म्हणून त्याची गणती कोणी करीत नाही. ते जनावर म्हणजे कारवानी कुत्रा होय.

या कुत्र्याविषयी चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला कितपत आहे, हे वाचकांनीच ठरवावे. मी पशुवैद्य नाही, शिकारी नाही. महसूल खात्यात कारकुनी करीत लातूर, नांदेड व सोलापूर या जिल्ह्यांतील तालुक्यांच्या गावी माझी बरीच वर्षे गेली. जमाबंदीच्या व पंचनाम्याच्या निमित्ताने बांधाबांधाने हिंडताना हा कुत्रा मी पुष्कळ पाहिला. मुदतीआधी सेवानिवृत्त होऊन मी मुंबईस सांताक्रूझ येथे मुलाकडे राहावयास आलो. तेव्हा या कुत्र्याच्या बाबतीत माझ्या हातून एक मोठी चूक घडली. ती चूक पुढे जशीच्या तशी सांगणार आहे. कारण आजकाल खेड्यातून शहरात पिल्ले विकणारे व घेणारे दोघेही तीच चूक करीत आहेत, आणि तिची किंमत त्या मुक्या जनावरास व अखेरीस त्याच्या जातीस द्यावी लागत आहे.

कूळ व नाव

कारवान म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. अरबस्तान, इराण व अफगाणिस्तान या बाजूंनी व्यापारी, घोड्यांचे सौदागर व फौजा दक्षिणेत उतरल्या, त्यांच्याबरोबर सडसडीत बांध्याची धावणारी कुत्री आली, आणि तांड्याबरोबर आली म्हणून ती कारवानी ठरली, अशी परंपरागत समजूत आहे. या समजुतीस लेखी दाखला दाखविणे कठीण; परंतु अरबांचा सलुकी कुत्रा व आपला कारवानी शेजारी शेजारी उभे केले, तर भाऊबंदकी कोणाही डोळसास दिसेल. ज्यांच्या कानांवर व शेपटीवर रेशमासारखे लांब केस असतात, त्यांस आपल्याकडे पश्मी म्हणतात. पश्म म्हणजे मऊ लोकर. आखूड केसांचा तो कारवानी, लांब केसांचा तो पश्मी, एवढाच भेद खेड्यांतील लोक करतात.

हेच जनावर कृष्णेच्या व घटप्रभेच्या बाजूस मुधोळ या नावाने प्रसिद्ध आहे. मुधोळ हे दक्षिण महाराष्ट्रातील घोरपडे घराण्याचे संस्थान होते. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी, आसपासच्या बेडर व इतर शिकारी लोकांपाशी असलेली ही चपळ कुत्री पाहिली, त्यांतील निवडक नर-माद्या आपल्या पदरी आणल्या, आणि त्यांची पैदास काळजीपूर्वक चालविली. विलायतेचे बादशहा पंचम जॉर्ज यांस राजेसाहेबांनी पिलांची जोडी नजर केली व तेव्हापासून मुधोळचे नाव या कुत्र्यास चिकटले, असे सांगतात. संस्थान १९४८ साली मुंबई इलाख्यात विलीन झाले, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो मुलूख त्या वेळच्या म्हैसूर राज्याकडे गेला, आणि आज मुधोळ हे कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. राजेसाहेबांनी नवीन जात निर्माण केली नाही. जात शेतकऱ्यांपाशी, धनगरांपाशी व शिकारी लोकांपाशी होतीच. त्यांनी केले ते इतकेच की निवड केली, मेळ ठरविला व त्याकडे लक्ष ठेवले. मुधोळास नाव मिळाले ते या लक्ष ठेवण्यामुळे. आजही मुधोळजवळ तिम्मापूर येथे कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे व तेथून शेतकऱ्यांस जातिवंत पिल्ले मिळतात. २००५ साली भारतीय टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. २०१६ साली लष्कराने मुधोळची पिल्ले मेरठच्या आपल्या केंद्रात शिक्षणासाठी नेली. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने देशी कुत्र्यांच्या जातींची नोंद सुरू केली, तेव्हा तामिळनाडूच्या राजपालयम व चिप्पीपराई यांच्याबरोबर मुधोळचीही नोंद झाली.

कारवानी व मुधोळ एकच की भिन्न, यावर जाणत्यांत वाद आहे. केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था यास कॅराव्हन हाउंड म्हणते, तर दुसरी संस्था मुधोळ म्हणते. मला हा वाद एकाच सर्व्हे नंबरास दोन गावांच्या दप्तरांत दोन नावे असावीत, तशापैकी वाटतो. नाव कोणतेही असो, शेत कसले जात आहे की पडीक पडले आहे, हा खरा प्रश्न.

जातिवंताची लक्षणे

पुरा वाढलेला नर खांद्यापाशी सुमारे २७ ते २९ इंच भरतो, मादी त्याहून इंच-दोन इंच कमी. वजन मात्र साधारणपणे २० ते २८ किलोच असते. एवढ्या उंचीच्या मानाने हे वजन फार थोडे. डोके लांब व अरुंद, जबडा बळकट, कान मध्यम व गालांस चिकटून लोंबणारे, मान लांब. छाती खोल, पोट मात्र कमरेशी वर चढलेले. मागच्या मांड्या रुंद व पिळदार. शेपूट मुळाशी जाड व टोकाशी निमुळती, किंचित वाकलेली. केस आखूड व तुकतुकीत. रंग पिवळसर, दुधी, काळा, राखी किंवा मिश्र, कोणताही असू शकतो. रंगावरून जात पारखू नये.

नवख्या माणसास अशा कुत्र्याच्या बरगड्या दिसल्या की तो उपाशी आहे असे वाटते, व तो त्यास चारून चारून फुगवितो. ही चूक होय. निरोगी कारवान्याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्याच पाहिजेत. शर्यतीच्या बैलास जसे कोणी दुभत्या म्हशीसारखे पोसीत नाही, तसेच हे.

स्वभाव

आता मुख्य विषयाकडे वळतो. कुत्र्यांच्या जाती ज्या कामासाठी जोपासल्या गेल्या, त्या कामाने त्यांचा स्वभाव घडला आहे. कित्येक विलायती शिकारी कुत्री नाकाने माग काढतात. जमिनीस नाक लावून, भुंकत, गर्दीने चालतात. कारवानी डोळ्याने शिकार करतो. उघड्या माळावर दूर काही हलले की त्याची मान ताठ होते, कान उभारतात, आणि क्षणार्धात तो सुटतो. तो भुंकत नाही. भुंकण्यात दम घालविणे त्याच्या हिशेबात बसत नाही. धावताना पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो व सरळ होतो, आणि प्रत्येक झेपेत चारही पाय दोनदा जमिनीवरून सुटतात. त्या वेळी धन्याची हाक त्याच्या कानी पडत नाही. तो बेइमान आहे म्हणून नव्हे. शेकडो पिढ्यांनी त्यास तसेच घडविले म्हणून.

याचा पहिला परिणाम असा की, हलणाऱ्या लहान जनावराकडे तो स्वस्थ बसून पाहू शकत नाही. मांजर, कोंबडी, कोकरू, ससा ही सर्व त्याच्या डोळ्यास एकच. शेतकऱ्याच्या घरी मात्र तोच कुत्रा करडांमध्ये निजलेला दिसतो. त्याचे कारण, तो डोळे उघडल्यापासून त्यांच्यातच वाढलेला असतो. तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे तीन महिन्यांपर्यंत जे जे त्याने घरचे म्हणून पाहिले, ते ते बहुधा जन्मभर घरचे राहते. ती वेळ टळली की शिकवण अवघड होते.

दुसरी गोष्ट, हा कुत्रा मानी आहे. परक्याने येऊन डोक्यावर हात फिरविलेला त्यास खपत नाही. तो चावावयास धावत नाही. बाजूस सरतो, मान वळवितो. घरच्या माणसांवर मात्र त्याचा जीव असतो, व त्यांतही एकावर अधिक. लातूर जिल्ह्यातील एका गावी धनी आजारी पडून जिल्ह्याच्या दवाखान्यात गेला असता त्याची कुत्री नऊ दिवस वेशीपाशी बसून होती. भाकरी घरची मुलगी तेथे नेऊन टाकी. हे मी स्वतः पाहिले आहे.

तिसरी गोष्ट, तो मार सोसत नाही. काही जातींची कुत्री काठी खाऊन दुसऱ्या घटकेस पाय चाटावयास येतात. कारवान्यास विनाकारण मारले तर तो भित्रा होतो किंवा खुनशी होतो. दोन्हींपैकी एकही धन्यास परवडत नाही. त्यास आवाजाने, भाकरीच्या तुकड्याने व सवयीने शिकवावे लागते. चौथी गोष्ट, तो राखणदार आहे तो डोळ्याचा. दाराशी बांधून रात्रभर भुंकविण्याचा नव्हे. खळ्यावर किंवा मळ्यात धन्याच्या खाटेशेजारी तो निजतो, आणि दूरवर सावली हलली तरी उठून उभा राहतो. तेवढ्यावरून जाणता धनी जागा होतो.

पाचवी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, धावणे ही त्याची चैन नसून भूक आहे. सकाळ-संध्याकाळ मोकळ्या रानात पोटभर धावलेला कारवानी उरलेला दिवस संन्याशासारखा पडून असतो. ज्यास ते मिळत नाही तो दोर कुरतडतो, दार ओरबाडतो, आणि लोक म्हणतात की ही जातच द्वाड. जात द्वाड नव्हे; जागा चुकलेली असते.

माझी चूक

सेवानिवृत्तीच्या निरोपास गेलो असता लातूर जिल्ह्यातील एका ओळखीच्या शेतकऱ्याने प्रेमाने मला दोन महिन्यांचे एक नर पिल्लू दिले. पिवळसर रंग, कपाळावर पांढरा टिळा. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांबरोबर कुत्र्यांचेही प्रदर्शन भरते. तेथे या पिलाच्या आईची वाखाणणी झाली होती. खंडोबाच्या पायांशी कुत्रा असतो, म्हणून मी पिलाचे नाव वाघ्या ठेवले व त्यास सांताक्रूझला घेऊन आलो.

मुलाचे घर स्टेशनच्या पश्चिमेस, तिसऱ्या मजल्यावर. खोल्या दोन. पहिले सहा महिने सर्वांच्या कौतुकात गेले. दहाव्या महिन्यात वाघ्याची उंची माझ्या मांडीपर्यंत आली. मी पहाटे पाच वाजता त्यास दोरीने धरून जुहूच्या किनाऱ्यावर नेत असे. ओहोटीच्या ओल्या वाळूवर त्याचे पाय थरथरत; परंतु तेथे फिरावयास आलेली माणसे, मुले व मोकाट कुत्री एवढी, की त्यास सोडण्याचे धाडस मला कधी झाले नाही. मी माझ्या चालीने चालत असे व तो माझ्या चालीने चालावयास शिकला. आमच्या डोक्यावरून विमाने घरघरत जात. प्रथम तो त्यांकडे पाही, पुढे पाहीनासा झाला. घरी आल्यावर तो खिडकीशी बसे. हळूहळू त्याने दाराची चौकट कुरतडली, उशा फाडल्या, आणि कोणी जिन्याने वर आले की ताठ उभा राहू लागला. सोसायटीत कुरबूर सुरू झाली. महापालिकेचा परवाना होता, लसी टोचल्या होत्या. कागद सर्व चोख होते. कारकुनाचा स्वभाव असा, की कागद चोख असले म्हणजे काम चोख आहे असे त्यास वाटते.

एके दिवशी सायंकाळी मी त्यास खाली उतरवीत होतो. अंगणाच्या भिंतीवर मांजर बसले होते. वाघ्याने मान मागे ओढली. या जातीची मान डोक्याइतकीच रुंद, त्यामुळे साधा गळपट्टा डोक्यावरून सहज निसटतो. हे मला तेव्हा माहीत नव्हते. पट्टा माझ्या हाती राहिला. पुढचे सर्व काही श्वास घेण्याच्या आत झाले. मांजर मेले, आणि फाटकाच्या लोखंडी पट्टीने वाघ्याचा पुढचा पाय खांद्यापासून कोपरापर्यंत फाटला.

ते मांजर तळमजल्यावरच्या एका वृद्ध ख्रिस्ती बाईंचे होते. त्या येथील मूळच्या रहिवासी. एकट्या राहतात. मी हात जोडून उभा राहिलो. त्या शिव्या देतील तर बरे, असे वाटले. त्यांनी मांजर फडक्यात गुंडाळले व म्हणाल्या, "भाऊ, कुत्र्यावर राग काढू नका. माझ्या लहानपणी इथून पुढे सगळी भातशेती होती. तेव्हा आणला असता, तर इथे शोभला असता. आता त्याला धावायला जागा कुठे ठेवली आहे कोणी?"

परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांच्या रुग्णालयात वाघ्याचा पाय शिवला. तेथील डॉक्टरांनी भूल देण्यापूर्वी जात विचारून घेतली. त्यांनी समजाविले की, सडपातळ धावणाऱ्या कुत्र्यांच्या अंगात चरबी फार थोडी असते, म्हणून भुलेची काही औषधे त्यांच्या शरीरात फार वेळ रेंगाळतात व जिवास धोका होतो. वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी व गावच्या पशुवैद्यास आपल्या कुत्र्याची जात आधी सांगावी.

जखम भरल्यावर भाड्याची मोटार करून मी वाघ्यास त्याच्या जन्मगावी नेले. हरभरा निघालेल्या रानात त्यास सोडले. क्षणभर तो माझ्याकडे पाहत उभा राहिला. दोर नाही यावर त्याचा विश्वास बसेना. मग सुटला. वर्षभर ज्यास मी पाळले, त्यास धावताना मी त्या दिवशी प्रथम पाहिले. तो शेतकरी बांधावर बसून म्हणाला, "भाऊसाहेब, ह्याला कोंडलं की ह्यो बिघडतोय. रान दावलं की गपगार बसतोय." वाघ्या परत माझ्यासंगे आला नाही, व मीही त्यास हाक मारली नाही.

नोंदीवाचून जात राहत नाही

त्या रात्री ओसरीवर बसून मी त्या शेतकऱ्यास विचारले, "वाघ्याचा बाप कोणता?" त्याने शेजारच्या गावातील एका कुत्र्याचे नाव सांगितले. "आजा कोणता?" त्यास सांगता येईना. वाघ्याच्या वेताची सहा पिल्ले होती. एक मला दिले, एक घरी राहिले, चार एका दलालाने शहरासाठी नेली. ती कोठे आहेत ठाऊक नाही. पुढच्या खेपेस दलालाने सांगितले की शहरात अधिक उंच व अधिक जाड पिलास दर येतो, म्हणून आपल्या आईकुत्रीस विलायती ग्रेहाउंडच्या मिश्र नराकडे नेली. पिल्ले दिसावयास देखणी झाली, लवकर विकली गेली. घरची जुनी ओळ मात्र तेथे तुटली.

ज्या गृहस्थास आपल्या जमिनीचे सात पिढ्यांचे वारस तोंडपाठ होते, त्यास आपल्या कुत्र्याचा आजा ठाऊक नव्हता. यात त्याचा एकट्याचा दोष नाही. जमिनीस सात-बारा आहे, फेरफार आहे, वारसनोंद आहे. म्हणून तिचा धनी कोण ते कळते. कुत्र्यास यांतील काहीच नाही. ज्या हक्काची नोंद नाही, तो हक्क दोन पिढ्यांत बुडतो हे मी नोकरीत शेकडो वेळा पाहिले आहे. जनावराच्या जातीचे तेच.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मुलाची एक वही आणवून मी त्यात रकाने आखून दिले. ते असे : जनावराचे नाव व जन्मतारीख, नर की मादी, रंग व अंगावरील खूण, आई व तिचा धनी, गाव, बाप व त्याचा धनी, गाव, आईबापांचे आईबाप, माहीत असल्यास, लसींच्या तारखा, पूर्ण वाढ झाल्यावर उंची व वजन, स्वभावाचा एका ओळीत शेरा, आणि पिल्लू कोणास दिले. एवढ्यास खर्च काहीच नाही. एका गावात चार-पाच घरी अशा वह्या असल्या, तर बहीण-भावाचा किंवा बाप-लेकीचा मेळ चुकून घडत नाही, आणि तोच दोष लहान कळपाच्या नाशाचे मुख्य कारण असते. स्वभावाचा शेराही वगळू नये. विनाकारण चावणाऱ्या किंवा सावलीस भिणाऱ्या जनावरापासून पैदास करू नये, मग ते कितीही देखणे असो.

पालनाविषयी थोडक्यात

मादीस दोन वर्षे पूर्ण होण्याआधी फळवू नये. गाभणपणाचा काळ सुमारे ६३ दिवसांचा. पिल्ले आठ आठवडे आईपाशी राहू द्यावी. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे त्याआधी ती विकताही येत नाहीत, आणि विक्रीसाठी पैदास करणाऱ्यास राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून रोगप्रतिबंधक लसी सुरू कराव्या. पिसाळण्याची लस तीन महिन्यांनी व पुढे दरवर्षी न चुकता टोचवावी. जंताचे औषध व गोचिडांचा बंदोबस्त हे दोन्ही पावसाळ्यात विशेष पाहावे. गोचीडतापाने चांगली जनावरे दगावतात.

नुसत्या भाकरीवर व ताकावर जनावर जगते, पण वाढत नाही. ज्वारीच्या किंवा मक्याच्या भाकरीस दूध, अंडे अथवा मांसाची जोड वाढीच्या वर्षात अवश्य द्यावी. पोटभर खाल्ल्यावर लगेच धावू देऊ नये. खोल छातीच्या कुत्र्यांत पोटास पीळ पडून काही तासांत मृत्यू येतो. अंगावर चरबी व केस थोडे, म्हणून थंडीत निजण्यास तरट द्यावे. गळपट्टा रुंद कातड्याचा असावा, व मानेच्या मागे ताण पडताच आवळणारा असावा. तो तसा नसल्याने माझ्याकडून काय घडले, ते वर सांगितलेच आहे.

शिकारीविषयी स्पष्ट लिहिणे प्राप्त आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्यामागे कुत्रा सोडणे हीच शिकार ठरते. ससा मारला गेला नाही तरी गुन्हा घडतो, मग तो स्वतःच्या शेतात का असेना. काळविटाच्या बाबतीत शिक्षा फार कडक आहे. पुष्कळ तरुण सुटीच्या दिवशी कुत्री घेऊन माळावर जातात. त्यांस वडीलधाऱ्यांनी आवरावे. धावण्यासाठी शिकारच पाहिजे असे मुळीच नाही. इंग्लंड व वेल्समध्येही २००४ च्या कायद्याने कुत्री सोडून सशाची शिकार करणे बंद झाले, तरी तेथील ग्रेहाउंड नाहीसे झाले नाहीत. दोरीने ओढलेल्या फडक्यामागे कुत्री धावविण्याचा प्रघात तिकडे आहे. आपल्याकडेही सायकल उलटी ठेवून तिच्या मागच्या चाकाच्या धावेवर लांब दोरी गुंडाळावी, टोकास फडके बांधावे व पायडल फिरवावे. वाघ्या या फडक्यामागे ज्या आवेशाने धावतो, तो पाहण्यास गावची मुले जमतात.

अखेरचा शब्द

शहरातील हौशी मनुष्य पिल्लू मागावयास आला, तर शेतकरी बंधूंनी त्यास दोनच प्रश्न विचारावे. रोज धावावयास बंदिस्त मोकळी जागा आहे काय? घरी मांजर-कोंबडी आहे काय? उत्तर समाधानकारक नसेल तर नकार द्यावा, मग तो दर कितीही देवो. मला त्या वेळी कोणी हे प्रश्न विचारले असते, तर एक मांजर वाचले असते, एका वृद्ध बाईंचा सोबती वाचला असता, आणि एका उमद्या जनावराचे एक वर्ष वाया गेले नसते.

वाघ्यास आता चौथे वर्ष चालू आहे. गेल्या हंगामात दोन कोसांवरच्या गावातील एका शुद्ध कारवानी मादीशी त्याचा मेळ झाला. पाच पिल्ले झाली. ती पाचही शेतकऱ्यांच्याच घरी गेली, आणि पाचही नावे वहीत आहेत. तळमजल्यावरच्या बाईंस मी ही बातमी सांगितली, तेव्हा त्यांनी वाघ्या अजून धावतो का, एवढेच विचारले. धावतो, असे मी सांगितले.

ज्या वाचकांच्या दारी कारवानी किंवा पश्मी असेल, त्यांनी आज रात्रीच एक वही काढावी आणि पहिल्या रकान्यात त्याचे नाव लिहावे. पुढचे रकाने हळूहळू भरता येतील.